नववी-दहावीच्या मुलांसोबत वाचायला कोणत्या कथा घ्याव्यात?

ओसरी
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते. जूनपासून दर रविवारी सकाळी दहाला आमच्या ओसरीवर नऊ मुलं जमतात. वयं तेरा ते सोळा. सहा इंग्रजी माध्यमाची, तीन मराठी. बहुतेकांना आयांनी पाठवलंय, दोघं आपणहून आलेत. एक कथा वाचायची, तासभर बोलायचं, मग पोहे. एवढाच बेत.

पहिले दोन रविवार फसले. एकदा त्यागाची कथा घेतली, एकदा प्रामाणिकपणाची. वाचून झाल्यावर "काय वाटलं?" विचारलं, तर एक मुलगी म्हणाली, "छान होती." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढची पन्नास मिनिटं मी एकटीच बोलत होते.

तिसऱ्या रविवारी प्रेमचंदांची 'ईदगाह' घेतली. जत्रेत हामिदच्या मुठीत तीन पैसे असतात. सगळे मित्र खेळणी घेतात आणि तो आजीचे हात तव्यावर भाजतात म्हणून चिमटा घेऊन येतो. सगळे हामिदचं कौतुक करणार हे मी धरूनच चालले होते. पण एक मुलगा म्हणाला, "मला हामिदचा राग आला. एवढ्याशा पोरानं असं मोठ्या माणसासारखं वागायचं नसतं. आजीला वाईट नाही का वाटणार?" त्यावर शेजारची मुलगी उसळली, "म्हणजे त्यानं चिखलाचं खेळणं घ्यायचं आणि आजीनं हात भाजून घ्यायचे?" बारा वाजले तरी कुणी उठेना. पोहे गार झाले.

तेव्हापासून अशाच कथा शोधतेय. शक्यतो मराठी, जुन्या, टिकलेल्या. मोठ्याने वाचायला अर्धा-पाऊण तास पुरावा. तुम्ही कोणत्या घेतल्यात आणि मुलं काय म्हणाली, तेही लिहा.

कृष्णाकाठचा
ताई, व्यंकटेश माडगूळकरांपासून सुरुवात करा. 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं तेव्हा लेखक बावीस वर्षांचा होता, हे मुलांना आधी सांगा. माडगुळे आटपाडी तालुक्यात. म्हणजे ही माणसं तुमच्याआमच्यापासून दोन-तीन तासांवरची.

'झेल्या' घ्या. वांड पोरगा आणि नवखा मास्तर. मुलं झेल्याच्या बाजूने भांडतात. नंतर 'धर्मा रामोशी'. त्यात धोतराचा प्रसंग येतो, तिथे थांबा आणि काही म्हणजे काही बोलू नका. मी पुतण्यांना वाचून दाखवताना तिथे थांबलो. धाकट्यानं माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि तेच पान पुन्हा स्वतः वाचलं.

२०१९ च्या पुरात सांगलीत हरभट रोडच्या आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पुस्तकांचे खालचे तीन खण गेले. 'माणदेशी माणसं' फुगून उशीएवढं झालं होतं. आईनं एकेक पान सुटं करून पंख्याखाली वाळवलं. आता ते मिटत नाही, पण वाचता येतं. याच प्रतीतून वाचून दाखवतो.

बेदाणा
आधी हसवा. द. मा. मिरासदारांची 'भुताचा जन्म' घ्या. गावात भुताची बातमी कशी जन्माला येते आणि कशी वाढते, त्याची गोष्ट. आमच्या तासगावात गणपतीत पोरांपुढं वाचली, तर एकजण म्हणाला, "हे तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज चालतं!" तिथून पोरांनी स्वतः फॉरवर्ड केलेल्या अफवा सांगायला सुरुवात केली. एकानं कबूल केलं की एक त्यानंच सुरू केली होती. हसून झाल्यावर पोरं खरं बोलतात.

पोवई_नाका
विषय जिव्हाळ्याचा आहे, पण वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी पूर्ण सहमत नाही. माझा मुलगा नववीत, इंग्रजी माध्यम. 'माणदेशी माणसं' हातात दिलं. दुसऱ्या पानावर त्यानं "बाबा, ही मराठीच आहे ना?" असं विचारलं आणि पुस्तक ठेवून दिलं. ग्रामीण बोलीची कथा या मुलांना परक्या भाषेसारखी वाटते. भाषेशी झगडण्यातच दम संपला तर चर्चा कुठून होणार?

मी अनुवादित कथांकडे वळलो. चेकॉव्हची 'पैज' घ्या, १८८९ ची. मृत्युदंड बरा की जन्मठेप, यावर मेजवानीत वाद होतो. एक तरुण वकील वीस लाखांसाठी पंधरा वर्षं एका खोलीत बंद राहायची पैज लावतो आणि मुदत संपायला पाच तास उरले असताना आपणहून निघून जातो. का गेला? माझ्या मुलानं आणि त्याच्या दोन मित्रांनी यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद घातला. एकाचं ठाम मत होतं की पंधरा वर्षं पुस्तकं वाचून तो शहाणा झालेला नाही, कडवट झालाय. मला ते आजवर सुचलं नव्हतं.

माणखटाव
मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पोवई नाका, तुमच्या मुलाची अडचण खरी आहे, पण माझ्या वर्गात नेमकं उलटं होतं. माझी पोरं पाठ्यपुस्तकातली मराठी वाचताना अडखळतात. माडगूळकर वाचायला घेतले की सरळ बसतात. सातवीतली एक मुलगी म्हणाली होती, "गुरुजी, असं बोलल्यालं बी पुस्तकात छापत्यात व्हय?" त्या दिवसापासून ती वहीत लिहायला लागली. तिच्या आजीनं मेंढरामागं ऐकलेल्या गोष्टी, जशाच्या तशा बोलीत.

शहरातल्या मुलांसाठी माझा एक उपाय आहे. पुस्तक हातात देऊ नका. वाचून दाखवा. बोली डोळ्याला अडते तेवढी कानाला अडत नाही. कळले नाहीत ते तीन शब्द घरी घेऊन जायचे आणि आजीला किंवा कामाला येणाऱ्या मावशींना विचारून यायचं. वाकळ म्हणजे गोधडी, कोरड्यास म्हणजे कालवण, दावं म्हणजे गुरं बांधायचा दोर, असले शब्द. पुढच्या वेळी पोरं शब्दाबरोबर एकेक गोष्ट घेऊन येतात. 'वाकळ' विचारायला गेलेल्या मुलाला आजीनं ट्रंक उघडून त्याच्या वडलांची लहानपणची वाकळ काढून दाखवली होती. त्यात आजोबांचं धोतर होतं, आत्याचं परकर होतं. त्या दिवशी कथा बाजूलाच राहिली, पण तास वाया गेला असं मला वाटत नाही.

कृष्णाकाठचा
गुरुजी, त्या मुलीच्या वहीचं पुढं काय झालं?

माणखटाव
आता अकरावीला आहे, दहिवडीत. वही तिसरी चालू आहे.

वारणाखोरे
वाटेगाव आमच्या वाळवा तालुक्यात, आणि अण्णा भाऊ साठ्यांचं नाव अजून कसं आलं नाही? 'स्मशानातील सोनं' घ्या. भीमा पोटासाठी मुंबईला गेलेला. खाणीत काम करतो, अंगात वाघाचं बळ. खाण बंद पडते. मग तो मढी उकरून त्यांच्या अंगावरचं सोनं काढायला लागतो. रात्रीच्या स्मशानात कोल्ह्यांशी झुंजतो. शेवट सांगत नाही.

पोरं या कथेत हालत नाहीत. आणि चर्चा काढावी लागत नाही, प्रश्न कथेतच पडलेला असतो. भीमा चोर आहे का? मेलेल्या माणसाच्या तोंडातल्या सोन्यावर कुणाचा हक्क? त्याची ताकद खाणीत चालते तेव्हा ते काम, आणि स्मशानात चालते तेव्हा गुन्हा? आमच्या वाचनालयात ही वाचली तेव्हा मुलांनी आपली आपणच दोन टोळकी केली.

मिरज_जंक्शन
मला इथे थांबावंसं वाटतं. तेरा वर्षांच्या मुलांपुढे प्रेतं, कवट्या, कोल्हे? माझ्या मुलीनं ही कथा बाराव्या वर्षी वाचली आणि आठवडाभर दिवा लावून झोपली. कथा थोर आहे, वादच नाही. पण वय बघायला नको का?

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. मी सहावीत असताना वर्गात एक धडा होता, त्यात आमच्या जातीचा माणूस होता. गरीब, लाचार, मालकाच्या पाया पडणारा. बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि तो शब्द आला तसा अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. बाई वाचत राहिल्या. लेखकानं फार कळवळ्यानं लिहिलं होतं, हे मला मोठेपणी कळलं. त्या दिवशी मला फक्त बाकाखाली जावंसं वाटत होतं.

ताई, तुमच्या ओसरीवरच्या नऊ मुलांत कोण कुठून आलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? कथा निवडण्याआधी ते बघा, एवढंच.

वारणाखोरे
मिरज जंक्शन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वयाचं मला मान्य. ही कथा पंधराच्या पुढच्यांना. आणि आदल्या रविवारी सांगून टाकायचं की यात काय काय आहे, ज्याला नको त्यानं येऊ नये.

पण दुसऱ्या मुद्द्यासाठीच मला अण्णा भाऊ हवेत. तुमच्या धड्यातला माणूस वाकलेला होता. भीमा वाकत नाही. तो चुकतो, हावरा होतो, पण कुणापुढं हात पसरत नाही. अण्णा भाऊ स्वतः मातंग समाजात, १९२० साली, गावकुसाबाहेर जन्मले. त्यांनी दयेनं लिहिलेलं नाही. आपल्याच माणसाकडं बघून लिहिलंय. जिथं वाचकाला फक्त कीव येते आणि जिथं वाचकाला पात्राची भीतीही वाटते, धाकही वाटतो, त्या दोन कथा वेगळ्या. वर्गानं वळून बघितलंच, तर भीमासाठी बघू दे की.

मिरज_जंक्शन
हे पटलं. मग असं करता येईल. श्री. म. माट्यांची 'तारळखोऱ्यातील पिऱ्या' आणि अण्णा भाऊंची एखादी कथा लागोपाठच्या रविवारी घ्या. माटे अस्पृश्यता निवारणाच्या कामात कितीतरी वर्षं होते, मनापासून होते, पण बाहेरून बघणारे. मुलांना सांगू नका. दोन्ही वाचून झाल्यावर एवढंच विचारा, "कोण आतून बोलतंय?" सहावीत मला कुणी हे विचारलं असतं तर मी हात वर केला असता.

तारळे तुमच्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. मुलांना एसटीनं नेऊनही आणता येईल.

दहावी_संपली
मी इथे नेहमी फक्त वाचते. सोळा वर्षांची आहे, सांगलीत राहते. आमच्यासाठी कथा निवडताय म्हणून लिहिते.

काका-मावशी, "लेखकाला काय सांगायचंय?" हे विचारू नका. ते आम्ही दहा वर्षं परीक्षेत लिहिलंय, पाच मार्कांना आठ ओळी. हा प्रश्न आला की डोकं आपोआप उत्तरपत्रिकेत जातं. त्यापेक्षा "तू असतीस तर?" विचारा, किंवा "यात तुला कोण आवडलं नाही?" विचारा. आवडलं नाही हे सांगायची परवानगी मिळाली की आम्ही खूप बोलतो.

आणि वरच्या सगळ्या यादीत एकही मुलगी नाही. झेल्या, हामिद, भीमा, वकील. मुलींच्या मनातलं कुठे आहे? मला जी. ए. कुलकर्णींची 'कैरी' खूप आवडली. आईवडील नसलेलं मूल मावशीकडे राहायला जातं आणि तिथून मावशीचं आयुष्य बघतं. २००० साली अमोल पालेकरांनी तिच्यावर सिनेमा केलाय. मी आधी सिनेमा बघितला, मग कथा वाचली. कथा वाचून मी माझ्या मावशीला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, नुसता केला.

बेदाणा
हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कुणीतरी.

पोवई_नाका
दहावी संपली, "कोण आवडलं नाही" हे आज रात्रीच घरी करून बघतो. बाईंच्या लेखणीतून हवं असेल तर विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास'. १९३३ साली टोपणनावानं आलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चाललंय ते कुणीतरी उघड लिहिलं, म्हणून केवढा गहजब झाला. लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर, हे पुढे कळलं. टोपणनाव का घ्यावं लागलं, यावरच एक रविवार जाईल. तुमच्या पिढीची तर निम्मी खाती टोपणनावानं असतात.

कराडची_पोथी
थोडं विषयांतर. सगळ्यांना एकेक प्रत लागते, तेव्हा झेरॉक्सचा प्रश्न येतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, आणि ती पुढच्या जानेवारीपासून मोजायची. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, प्रेमचंद १९३६ साली, माटे १९५७ साली. या तिघांचं मूळ लेखन मोकळं आहे, वाटेल तेवढ्या प्रती काढा. पण 'ईदगाह'चा मराठी अनुवाद ज्यानं केलाय त्याचा हक्क वेगळा असतो. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत हक्क आहेत. माडगूळकर, मिरासदार, जी. ए. तर पुढचेच. त्यांची पुस्तकं विकतच घ्या. एक प्रत आणि एक खणखणीत आवाज पुरतो.

माणखटाव
हरिभाऊंचं नाव निघालं म्हणून. त्यांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळावरची कथा. भाषा जुनी, लांबी जास्त, मधले परिच्छेद गाळून वाचावी लागते. आमच्याकडे चारा छावणीत राहून आलेली पोरं वर्गात होती तेव्हा घेतली होती. दुष्काळ बघितलेल्या मुलांना शंभर वर्षांपूर्वीची भाषा अडली नाही.

कृष्णाकाठचा
खणखणीत आवाजावरून आठवलं. माझे आजोबा संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला न चुकता जायचे, मला खांद्यावर घेऊन. भाषणं कळायची नाहीत. पण शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांच्या कथाकथनाबद्दल ते घरी परतताना एसटीत सांगायचे, आणि सांगता सांगता शंकर पाटलांची 'धिंड' स्वतःच सुरू करायचे. गाढवावरची ती वरात. पुढच्या बाकावरची अनोळखी माणसं मागं वळून ऐकायची. वाट कधी सरली कळायचं नाही. ओसरीवर एखाद्या रविवारी मुलांच्या आजोबांनाच वाचायला बोलवा.

भडंग
टॉलस्टॉयची 'माणसाला किती जमीन लागते' घ्या. आमच्याकडे हमखास पेटते. पाहोम सूर्योदयाला निघतो, सूर्यास्तापर्यंत जेवढी जमीन चालून वेढेल तेवढी त्याची. पोरांना पाहोम परका वाटतच नाही. बायपासच्या कडेचे गुंठ्याचे भाव ऐकतच ती वाढलीत, प्रत्येकाच्या घरी बांधावरून एक चुलता बोलत नाही. मी शेवटच्या पानाच्या आधी पुस्तक मिटतो आणि विचारतो, आत्ता मागं फिरेल का? एका पोरीनं सांगितलं, "फिरला तर आजवर चाललेलं वाया जाईल, म्हणून नाही फिरणार. आमचे पप्पा पण असंच म्हणतात." मग तिला पुढं बोलायचं नव्हतं. मी पान उलटलं.

मिरज_जंक्शन
भडंग, पान उलटलंत ते बरं केलंत.

ओसरी
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काय काय केलं ते सांगते.

'भुताचा जन्म' झाली. खिडकीतून शेजारच्या काकूही ऐकत होत्या. 'पैज' झाली. भिलारला गेलो. पाचगणीजवळचं ते पुस्तकांचं गाव, २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली. तिथे एका घराच्या पडवीत बसून 'झेल्या' वाचली. यजमान आजी शेंगा फोडत शेवटपर्यंत बसून होत्या. पोरांनी तीन शब्द घरी नेण्याआधी त्यांनाच विचारले.

मिरज जंक्शन, तुमच्या प्रतिसादानंतर मी प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. मला बरंच ठाऊक नव्हतं. ते इथे लिहीत नाही.

काल 'स्मशानातील सोनं' वाचली. आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. तिघं आली नाहीत. एक मुलगी आली, पण मी स्वयंपाकघरात बसते म्हणाली. कोल्ह्यांचा प्रसंग येईपर्यंत ती दारात उभी होती, शेवट आला तेव्हा आमच्यात बसली होती.

शेवट असा आहे: भीमाची दोन बोटं जातात, आणि तेव्हाच कळतं की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली. मी काही विचारलं नाही. दोन मिनिटं तशीच गेली, मला फार अवघड गेली ती. मग 'ईदगाह'वर चिडलेलाच मुलगा म्हणाला, "हे सिनेमासारखं झालं. बोटं गेली आणि लगेच खाण सुरू? लेखकानं मुद्दाम केलंय." मला वाटलं, आता अण्णा भाऊंची बाजू मीच घ्यायला हवी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आलेली मुलगी म्हणाली, "खाण सुरू झाली नसती तर ती चोराला शिक्षा मिळाल्याची गोष्ट झाली असती. आता तसं म्हणता येत नाही. ज्यानं खाण बंद केली त्याचं गोष्टीत नावसुद्धा नाही, आणि आपण तासभर भीमालाच चोर म्हणतोय." मुलगा म्हणाला, "तरीपण सिनेमासारखंच आहे." दोघं अजून त्यावरच अडलेत, आज सकाळी ग्रुपवर पुन्हा सुरू झालं.

दहावी संपली, पुढचा रविवार 'कैरी'चा. सांगलीहून येणं जमलं तर तूच वाचून दाखव. आईबाबांना घेऊन ये.

त्यानंतर माटे. 'उपेक्षितांचे अंतरंग' मला कुठे मिळत नाहीये. आमच्या वाचनालयातली प्रत कुणीतरी नेलीय. कुणाकडे आहे का?

कराडची_पोथी
माझ्याकडे आहे, वडलांची प्रत. शनिवारी साताऱ्याला येतेय, सकाळच्या गाडीनं. बसस्थानकावर देते. झेरॉक्स खुशाल काढा, फक्त पुस्तक फार उलगडून काचेवर दाबू नका, शिलाई सुटलीय.

ओसरी
दहाला फलाटावर असते. झेरॉक्स नको, मुलं हातानं उतरवून घेतील. कथा एकदाच लागणार आहे, नऊ जण आहेत, वाटून घेतील पानं.